चष्म्याचा नंबर नव्हता, पडद्याला सूज होती

मंडळी, आज पोस्ट जरा मोठी आहे. पण घरात कुणाला शुगर असेल तर शेवटपर्यंत वाचा, एवढी विनंती.

बावीस वर्षं झाली, स्टँडरोडला माझं चष्म्याचं दुकान आहे. तुमच्यातल्या निम्म्यांचे नंबर मीच काढलेत. म्हणून सुरुवात माझ्याच दुकानातल्या एका चुकीपासून करतो.

माझे चुलते, आम्ही त्यांना तात्या म्हणतो. वय चौसष्ट, शुगर चौदा वर्षांपासूनची. दसऱ्याला त्यांना नवा चष्मा करून दिला. संक्रांतीला परत आले. "अरे, पेपर वाचताना मधली अक्षरंच गायब व्हायलीत." मी नंबर तपासला, अर्ध्याचा फरक वाटला, काच बदलून दिली. घरचंच माणूस, पैसेही घेतले नाहीत. मनात म्हटलं, वय झालंय, होतं असं.

पाडव्याच्या आसपास तिसऱ्यांदा आले, तेव्हा चिडलेले होते. "तुझा ह्यो बी चष्मा बेकार निघाला. दाराची चौकट वाकडी दिसती मला."

चौकट वाकडी हे ऐकलं आणि माझ्या पोटात गोळा आला. ट्रायल फ्रेम लावली, सगळ्या काचा फिरवून पाहिल्या, उजवा डोळा काही केल्या सुधरेना. मग पिनहोल लावलं. बारीक भोकातून पाहून अक्षर स्पष्ट झालं तर दोष नंबरचा, नाही झालं तर दुखणं आत कुठंतरी आहे, ही आमच्या धंद्यातली पहिलीदुसरी शिकवण. तात्यांना पिनहोलमधूनही तेवढंच दिसत होतं. हीच तपासणी मी संक्रांतीला करायला हवी होती. अर्ध्या मिनिटाचं काम होतं. केलं नाही.

इथल्या सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर भले माणूस. ड्रॉप टाकून, बाहुली मोठी करून त्यांनी नीट पाहिलं. म्हणाले, "पडद्याला मध्यभागी सूज वाटते. पण किती आहे, कुठपर्यंत आहे, इंजेक्शन लागेल की नाही, हे ओसीटी केल्याशिवाय सांगता येणार नाही. ते मशीन आपल्याकडे नाही."

ओसीटी शहरात, म्हणजे इथून एकशे तीस किलोमीटर. पहिल्या खेपेला पोचलो तोवर त्या दिवसाचे नंबर संपलेले. मग घरात लग्न, मग ऊन, मग पेरणी. स्कॅन झालं ते जूनच्या शेवटी. नॉर्मल माणसाच्या पडद्याची मध्यभागी जाडी साधारण अडीचशे मायक्रॉन असते. तात्यांची पाचशेच्या वर निघाली, म्हणजे दुप्पट. आतमध्ये पाण्याच्या पिशव्या साचलेल्या, मला स्क्रीनवर ढळढळीत दिसल्या.

पाच इंजेक्शनं झाली. सूज बरीच उतरली. माणसं ओळखतात, रस्ता दिसतो, पण त्या डोळ्यानं पेपर वाचता येत नाही. डॉक्टर एवढंच म्हणाले, "लवकर आला असता तर जास्त वाचलं असतं."

असो. माझ्या चुकीचं ओझं माझ्यापाशी. पण त्यानंतर या ओसीटीबद्दल मिळेल ते वाचत गेलो, आणि जे कळलं त्यानं माझी चिडचिड जास्तच वाढली. हे मशीन आता कुठल्या कुठं गेलंय, आणि आपण अजून एकशे तीस किलोमीटरवर आहोत.

आधी ओसीटी म्हणजे काय ते आपल्या भाषेत सांगतो. पूर्ण नाव ऑप्टिकल कोहेरन्स टोमोग्राफी. सोनोग्राफी तुम्हाला माहीत आहे. आवाजाची लाट आत सोडायची, ती कुठून कुठून परत येते ते मोजायचं, आणि त्यावरून चित्र तयार करायचं. ओसीटीमध्ये आवाजाऐवजी प्रकाश असतो. ना एक्स-रे, ना सुई, ना डोळ्याला हात. हनुवटी टेकवायची, आतल्या खुणेकडे बघायचं, काही सेकंदांत काम झालं.

अडचण अशी की प्रकाश सेकंदाला तीन लाख किलोमीटर धावतो. डोळ्याच्या आतून परत यायला त्याला किती वेळ लागला, हे मोजणारं साधं घड्याळ नाही. म्हणून शास्त्रज्ञांनी युक्ती केली. प्रकाशाचे दोन भाग करायचे, एक डोळ्यात पाठवायचा, दुसरा एका आरशावर. दोन्ही परत आले की एकत्र करायचे. दोघांनी कापलेलं अंतर जुळलं तरच त्यांची एकमेकांत ठरावीक खूण उमटते. त्या खुणेवरून कळतं, की पडद्याचा कुठला थर किती खोल आहे. असं एकेका बिंदूवर करत गेलं की पडद्याचा उभा काप समोर येतो, कांद्याचे पापुद्रे मोजावेत तसा. आजची मशीनं पाच-सात मायक्रॉनपर्यंतचा फरक दाखवतात. आपला केसच त्याच्या दहापट जाड असतो.

अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये जेम्स फुजिमोटो, एरिक स्वॉन्सन आणि तेव्हा विद्यार्थी असलेले डेव्हिड ह्वांग यांनी सहकाऱ्यांबरोबर याचा पहिला शोधनिबंध १९९१ साली 'सायन्स'मध्ये छापला. १९९३ मध्ये जिवंत माणसाच्या पडद्याची चित्रं निघाली. १९९६ मध्ये मशीन बाजारात आलं. या तिघांना २०२३ साली लास्कर पुरस्कार मिळाला, वैद्यक क्षेत्रातला तो फार मोठा मान.

पुढचा प्रवास आपल्या मुद्द्यासाठी महत्त्वाचा आहे. सुरुवातीच्या मशीनमध्ये तो आरसा प्रत्यक्ष मागंपुढं सरकायचा. त्यामुळे सेकंदाला जेमतेम काहीशे रेषा वाचून व्हायच्या. म्हाताऱ्या माणसाची नजर जरा हलली की चित्र बिघडलं. २००६ च्या सुमारास नवी पद्धत बाजारात आली. तिच्यात आरसा सरकवायचाच नाही. परत आलेल्या प्रकाशाचे रंग वेगळे करून सगळ्या खोलीची माहिती एकदम वाचायची. वेग एकदम सेकंदाला वीस-पंचवीस हजार रेषांवर गेला. आताच्या स्वेप्ट-सोर्स मशीनमध्ये तो लाखावर आहे. वेग वाढला म्हणजे काय, तर ज्याला नीट बसवत नाही, ज्याची मान थरथरते, अशा पेशंटचंही चित्र मिळायला लागलं.

त्या वेगामुळं आणखी एक गोष्ट जमली, ओसीटी अँजिओग्राफी. पूर्वी पडद्याच्या रक्तवाहिन्या बघायच्या तर हाताच्या शिरेत रंग टोचावा लागायचा. कुणाला मळमळ व्हायची, क्वचित रिॲक्शनही यायची. आता एकाच जागेची भराभर चित्रं घेतात. दोन चित्रांत जे बदललं ते वाहतं रक्त, जे स्थिर राहिलं ते मांस. रंग न टोचता रक्तवाहिन्यांचा नकाशा तयार. प्रत्येक ठिकाणी याने भागत नाही, गळती बघायला रंग अजूनही लागतो, पण पुष्कळ पेशंटची सुई वाचते.

तिसरी गोष्ट, स्कॅन वाचणारं सॉफ्टवेअर. लंडनचं मूरफील्ड्स नेत्र रुग्णालय आणि गूगलची डीपमाइंड यांनी २०१८ साली दाखवून दिलं, की सुमारे पंधरा हजार स्कॅनवर शिकवलेली प्रणाली पन्नासहून जास्त आजारांसाठी कुठल्या पेशंटला तातडीनं पाठवायचं हे तज्ज्ञ डॉक्टरांच्या तोडीनं सांगू शकते. चौथी, स्वस्त मशीन. अमेरिकेतल्याच ड्यूक विद्यापीठात ॲडम वॅक्स यांच्या गटानं थ्री-डी प्रिंटरवर काही भाग छापून, सुट्या भागांचा खर्च पाच हजार डॉलरच्या आसपास बसेल असं छोटं ओसीटी बनवलं. आणि पाचवी गोष्ट वाचून तर मी दुकानात एकटाच हसलो. मे २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं घरी वापरायच्या ओसीटीला मंजुरी दिली. वयामुळं पडदा खराब झालेल्या म्हाताऱ्या माणसानं घरच्या टेबलावर स्वतःच स्कॅन करायचं, रिपोर्ट डॉक्टरकडं आपोआप जातो.

म्हणजे तिकडची आजी स्वयंपाकघरात बसून स्वतःचं स्कॅन काढणार, आणि आमचे तात्या एसटीच्या तीन तासांच्या प्रवासानंतर "आजचे नंबर संपले" ऐकून परत येणार.

कुणी म्हणेल, ते श्रीमंत देश, आपली बरोबरी कशी करता? म्हणून पैशाचा हिशेबही सांगतो. अमेरिकेतल्या अभ्यासकांनी २०१८ साली एक आकडेमोड प्रसिद्ध केली. ओसीटीवरच्या संशोधनाला तिथल्या सरकारनं दोन दशकांत घातले सुमारे ०.४ अब्ज डॉलर. आणि २००८ ते २०१५ या काळात, वयामुळं होणाऱ्या पडद्याच्या आजारात दरमहा सरसकट इंजेक्शन न देता स्कॅन बघून गरजेपुरतीच दिल्यामुळं सरकारी विमा योजनेचे वाचले सुमारे ९ अब्ज डॉलर. पेशंटच्या खिशातले वाचले ते वेगळेच. महागडं मशीन घेतल्यानं खर्च वाढला नाही, उलट कमी झाला. कारण साधं आहे. जाडी मोजता आली की कुणाला इंजेक्शन हवं आणि कुणाला नको ते कळतं.

श्रीमंतापेक्षा गरिबाला हा हिशेब जास्त लागू आहे. आपल्याकडं एकेक खेप म्हणजे दोन माणसांचं तिकीट, दोन माणसांची मजुरी आणि गुरांना पाणी दाखवायला शेजाऱ्याची विनवणी.

आता आपल्या घरचं बघू. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाप्रमाणे देशात मधुमेहाची माणसं दहा कोटींच्या वर आहेत. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी सर्वेक्षणात चाळिशीपुढच्या मधुमेहींपैकी साधारण आठातल्या एकाच्या पडद्यावर परिणाम दिसला, आणि पंचविसातल्या एकाची नजरच धोक्यात होती. समजा आपल्या तालुक्यात चाळिशीपुढचे दहा हजार शुगरवाले धरले, तर त्या प्रमाणात चारशे माणसं आज तात्यांच्या रांगेत उभी आहेत. त्यातली कितीतरी माझ्याच दुकानात येऊन चष्मा बदलून गेली असतील. हा विचार आला की रात्री झोप लागत नाही, खरं सांगतो.

आपला देश डोळ्यांच्या बाबतीत मागं नाही, हेही सांगायला हवं. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे. त्याच वर्षी डॉ. वेंकटस्वामींनी मदुराईत अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केलं, आज जग त्यांच्याकडून शिकायला येतं. मोतीबिंदूची शिबिरं गावोगाव होतात, लाखो लोकांना त्यातून नजर परत मिळाली. पण मोतीबिंदू थांबतो. आज नाही तर पुढच्या शिबिरात केला तरी नजर येते. पडद्याची सूज थांबत नाही, गेलेलं परत येईल याची खात्री नाही. आपली सगळी यंत्रणा अजून मोतीबिंदूच्या चालीनं चाललेली आहे. राष्ट्रीय कार्यक्रमाच्या यादीत मधुमेहाचा पडदा आलाय, तालुक्याच्या टेबलावर यायचा राहिलाय.

इंजेक्शन परवडत नाही, हे कारण आता पूर्वीसारखं राहिलेलं नाही. रॅनिबिझुमॅबची भारतीय आवृत्ती २०१५ पासून मिळते. मूळ कॅन्सरसाठी असलेलं बेव्हॅसिझुमॅब त्याहून कितीतरी स्वस्त आहे, आणि वयामुळं होणाऱ्या पडद्याच्या आजारात ते महागड्या औषधाच्या बरोबरीनं चालतं, हे अमेरिकेतल्या मोठ्या सरकारी चाचणीत २०११ मध्येच दिसलं. मधुमेहाच्या सुजेतही डॉक्टर ते वापरतात. औषध आहे, डॉक्टर निदान शहरात तरी आहेत. अडतंय ते मधल्या पायरीवर. कुणाला पाठवायचं आणि किती घाईनं, हे सांगणारं मशीन जवळ नाही.

माझी मागणी एवढीच. जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयात एक साधं, मजबूत ओसीटी घ्या. स्वेप्ट-सोर्स नको, अँजिओग्राफी नको, शोरूममधलं सगळ्यात भारी मॉडेल नको. सूज मोजता आली तरी पुष्कळ. ते चालवायला डोळ्यांचा सर्जन लागत नाही, आपल्याकडे नेत्रचिकित्सा अधिकारी आहेत, त्यांना प्रशिक्षण द्या. स्कॅन शहरातल्या तज्ज्ञाकडं ऑनलाइन जाऊ द्या. ज्याला खरंच इंजेक्शन हवंय त्याला तारीख घेऊनच बसमध्ये बसू द्या.

विरोधातले मुद्देही ऐकून घेतो.

पहिला, "आधी साधा फंडस कॅमेरा घ्या, तो स्वस्त आहे." बरोबर आहे. शुगरच्या प्रत्येक माणसाचं ओसीटी करायची गरज नाही. आधी वर्षातून एकदा पडद्याचा फोटो, आणि त्यात शंका आली किंवा नजर कमी झाली, की ओसीटी. पण फोटो सपाट असतो. रक्ताचे ठिपके दाखवतो, जाडी मोजत नाही. दोन्ही एकाच इमारतीत असले तरच पेशंट दुसऱ्या पायरीपर्यंत पोचतो. एकशे तीस किलोमीटरवरची दुसरी पायरी म्हणजे पायरीच नाही.

दुसरा, "मशीन येईल आणि धूळ खाईल." हा मुद्दा मला सगळ्यात जास्त पटतो. कव्हर घातलेली मशीनं तुम्हीही पाहिली आहेत, मीही पाहिली आहेत. म्हणून खरेदीच्या फाईलबरोबरच माणूस, दुरुस्तीचा करार, बॅटरी बॅकअप आणि दर महिन्याला किती स्कॅन झाले याचा बोर्ड, हे चारही मंजूर झाले पाहिजेत. नुसती फीत कापायची असेल तर नकोच ते मशीन.

तिसरा, "आता एआय आहे, डॉक्टर कशाला?" इथं मात्र सावध राहू. मूरफील्ड्सची तीच प्रणाली दुसऱ्या बनावटीच्या मशीनचे स्कॅन दिल्यावर आधी सपशेल चुकायला लागली होती. त्या मशीनसाठी तिचा एक भाग पुन्हा शिकवावा लागला, तेव्हा जमलं. आपल्याकडं टेंडरमध्ये सगळ्यात स्वस्त येईल ते मशीन घेतात. त्यावर परदेशी सॉफ्टवेअर चालतं का, हे आपल्या माणसांच्या डोळ्यांवर तपासल्याशिवाय भरवसा ठेवू नये. थायलंडमध्ये सरकारी दवाखान्यांत गूगलचा पडद्याच्या फोटोंचा प्रयोग झाला, तेव्हा पाचातला एक फोटो प्रणालीनं नाकारला. खोलीत पुरेसा अंधार नाही, नेट अडकतंय, रांग वाढतेय. ही अडचण प्रयोगशाळेत दिसत नाही, ओपीडीत दिसते. संशोधनाची पुढची पायरी आता आपल्यासारख्या तालुक्यातच चढायची आहे, असं मला वाटतं.

मशीन येईल तेव्हा येईल. तोपर्यंत एक फुकटची तपासणी सांगतो. शुगर असलेल्या माणसानं दर रविवारी चष्मा लावून एक डोळा झाकायचा आणि दाराची चौकट, फरशीच्या रेघा किंवा कॅलेंडरचे चौकोन बघायचे. मग दुसरा डोळा. दोन्ही डोळे उघडे ठेवून बघू नका, चांगला डोळा वाईट डोळ्याची चोरी झाकतो. रेघ वाकडी दिसली, मधे डाग दिसला, अक्षर तुटलं, तर चष्म्याच्या दुकानात येऊ नका. माझ्याही नको. थेट डोळ्यांच्या डॉक्टरकडं जा. आणि काहीच जाणवत नसलं तरी वर्षातून एकदा ड्रॉप टाकून पडदा तपासून घ्या, कारण सुरुवातीला बऱ्याचदा काहीच जाणवत नाही.

माझ्या दुकानापुरता मी नियम केलाय. चाळिशीपुढं प्रत्येकाला आधी शुगरचं विचारायचं, आणि नंबर लावूनही नजर भरत नसेल तर पिनहोल. त्यानं सुधारलं नाही तर चष्मा विकायचा नाही, चिठ्ठी द्यायची. गेल्या तीन महिन्यांत अकरा चिठ्ठ्या दिल्या. अकरापैकी किती जण शहरात जाऊन ओसीटी करून आले, ते विचारत फिरलो. चार. बाकीचे म्हणाले, "सुगी झाली की जातो."

पुढच्या आठवड्यात या मागणीचं निवेदन आमदारसाहेबांना आणि जिल्हाधिकारी कार्यालयात द्यायचं ठरवलंय. निवेदन दुकानात ठेवलेलं आहे, येताजाता सही करून जा. घरात कुणाला असा त्रास झाला असेल, शहराच्या किती खेपा झाल्या, किती खर्च आला, ते कमेंटमध्ये लिहा. नाव नका लिहू, आकडे लिहा. साहेब लोकांना आकडे लागतात.

पहिली सही तात्यांची आहे. ओळीच्या खाली गेलीय, पण आहे.